पडद्यावरची पाठ

लालबाग, मुंबई
८ जानेवारी २०२४

चि. रुपाली हिस,

आधी माझी ओळख देते, नाहीतर तुला आठवायला वेळ लागेल. मी मालन. तुझ्या बापाची आई. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली आहे, तिथे तू जन्मापासून माझ्या हातचं जेवलीस. उंचीने बुटकी, रंगाने सावळी, दात चार. आता आली का लक्षात? आली असेल तर पुढे वाच. नसेल तर हे पत्र ज्या कोणा म्हातारीच्या नातीचं असेल तिला नेऊन दे.

वाईला पोचल्यावर तू एक फोन केलास. मी विचारलं बरी आहेस ना, तू म्हणालीस बरी आहे. जेवलीस का, तर जेवले. थंडी आहे का, तर आहे. एवढं बोलायला पोपट पाळला असता तरी चाललं असतं. शिवाय मला निम्मं ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला की बोलणं संपलं. पत्राचं तसं नाही. पत्र चार वेळा वाचून घेता येतं. मला अक्षर येत नसेल, पण कान आहेत ना, जवळ बसून कोणी वाचलं तर चांगले चालतात. लिहायला सरोजिनी बसली आहे. समोरच्या टॉवरमधली, दादरच्या कचेरीत जन्मभर कागद काळे केले तीच. मी बोलते, ती माझ्या बोलण्याला इस्त्री करून कागदावर ठेवते.

(रुपाली, मी काही बदलत नाही. फक्त शिव्या गाळते. – सरोजिनीमावशी)

आता बातमी. तू हिरोईन झालीस. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. मंडळाच्या धोंडूने जिन्यात विचारलं, "आजी, रुपाली दिसत नाय हल्ली?" मी म्हटलं, सायकल चालवणाऱ्या मुलीवर सिनेमा काढतायत, त्यात तिला काम मिळालं, वाईला गेली. बस. दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर! आपल्याकडे दहावी पास झालेल्याचा लागतो, जामिनावर सुटलेल्याचा लागतो, तर तुझा का नाही? फोटो तुझ्या मामेबहिणीच्या लग्नातला आहे. हातात आइस्क्रीमची वाटी होती ती धोंडूने कापली, पण चमचा तोंडात तसाच राहिला. सरोजिनीने वाचून दाखवलं, 'लालबागची शान, मराठी सिनेमाची नवी नायिका'. खाली पुढाऱ्यांची रांग, सगळे हात जोडून.

मला एकच कोडं पडलंय. त्या शर्यतीत तू घाटात पडलीस, गळ्याखालचं हाड मोडून घेतलंस, त्याला आता दोन वर्षं होतील. हाड जुळलं. पण तेव्हापासून तू सायकलला हात लावला नाहीस. ती बाहेर गॅलरीत खुंटीवर टांगलेली आहे आणि तिच्यावर माझी लुगडी वाळतात. मग ह्या सिनेमात सायकल कोण चालवतंय?

कुशाबाचा टेम्पो दर सोमवारी तुमच्या सिनेमाचं सामान न्यायला दादरला येतो म्हणालीस. उत्तर त्याच्याकडे दे. आणि 'बरी आहे' एवढंच लिहायचं असेल तर कागद फुकट घालवू नकोस.

तुझी आजी

⁂

वाई
१४ जानेवारी २०२४

प्रिय आजी,

ओळख पटली. दात चार नाहीत, तीन आहेत. चौथा दिवाळीत चकलीत गेला, मी साक्षीला होते.

तो बॅनर प्लीज काढायला सांग. आजच्या आज. चमच्यासाठी नाही, उगाच कशाला एवढं, म्हणून.

इथे सगळं मस्त चाललंय. सिनेमाची गोष्ट सांगते. लक्ष्मी नावाची मुलगी असते, घरोघर पेपर टाकते. सायकल जुनी, बापाची. तिला शर्यतीत उतरायचं असतं, पण सगळे तिला हसतात. मग बाप जातो. ती खचते. एकदा घाटात पडते, सायकल विकायला काढते, मग तिचं तिलाच काहीतरी कळतं आणि ती शेवटची शर्यत जिंकते. दिग्दर्शक यशोधनसर म्हणतात, ही शर्यतीची नाही, मनाची गोष्ट आहे. असं ते रोज चहाच्या वेळी म्हणतात.

सकाळी उसाच्या मळ्यांमधून सपाट रस्त्यावर शूटिंग असतं. हो, सायकल मीच चालवते. सुरुवातीला जरा अडखळले, आता सपाटीवर काही वाटत नाही. मनवा म्हणून एक मुलगी आहे, फार गोड आहे. ती कायम माझ्यासोबत असते, कपडेसुद्धा आम्ही सारखेच घालतो. रात्री एका खोलीत झोपतो. ती झोपेत डायलॉग म्हणते.

पप्पांना सांग, मी गार पाण्याने आंघोळ करत नाही.

बॅनर विसरू नकोस.

तुझी,
रुपाली

⁂

लालबाग
२२ जानेवारी २०२४

चि. रुपाली,

तुझं पत्र सरोजिनीने तीनदा वाचलं. दोनदा मला, एकदा जिन्यात, कारण पहिल्या मजल्यावरच्या बायका म्हणाल्या आम्ही काय घोडं मारलं.

सिनेमाची गोष्ट चाळीला पसंत नाही. म्हणजे मुलगी पसंत आहे, घरचे पसंत नाहीत. बाप गेला आणि पोरगी सायकल घेऊन घाटात? तेराव्याला घरात कोण होतं? तिला एक आजी नाही, आत्या नाही, शेजारीण नाही? "जेवलीस का गो?" म्हणून विचारणारं एक माणूस अख्ख्या सिनेमात नाही. अशी पोर पडेल नाहीतर काय करेल? तुझ्या त्या यशोधनसरांना सांग, एक शेजारीण घाला. मनाची गोष्ट आहे तर मनाला दोन घास नकोत का? शेजारणीचं काम मी करीन. दात रंगवायचा खर्च वाचेल.

बॅनर निघत नाही. धोंडू म्हणतो, "आजी, एकदा चढवलेला बॅनर सण आल्याबिगर उतरवत नाय." आणि त्याने आत्ताच ठरवलंय की सिनेमा लागला की परळच्या थेटरात अख्खी चाळ नेणार. ढोलासकट.

आता इकडे बघ. म्हणजे कागदाकडे बघ. मी पंचवीस वर्षं खाणावळ चालवली. गिरणीतून सुटून माणसं पंगतीला बसायची. त्यातला एखादा भाताखाली माशाचा तुकडा दडपायचा आणि मला म्हणायचा, "वहिनी, मला तुकडा आलाच नाही." मी त्याचा भात कधी उकरला नाही. नुसती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. दोन घास झाले की तो आपणच म्हणायचा, "वहिनी, सापडला, सापडला."

तुझ्या पत्रात भात बराच आहे, रुपाली. मनवा तुझ्यासारखे कपडे का घालते? ती डायलॉग म्हणते, तू का म्हणत नाहीस? सपाटीवर काही वाटत नाही, मग वाटतं कुठे?

मी उकरत नाही. उभी आहे.

तुझी आजी

(हे पत्र सांगताना त्या खरोखर उभ्या होत्या. – स.)

⁂

वाई
२८ जानेवारी २०२४

आजी,

सापडला, सापडला.

मी हिरोईन नाही. हिरोईन मनवा आहे. तिला सायकल येत नाही, म्हणजे बसता येतं, पण शर्यतीसारखी दामटता येत नाही. आमची उंची आणि अंगकाठी सारखी. म्हणून जिथे जोरात सायकल चालवायची तिथे मी, आणि जिथे चेहरा दिसायचा तिथे ती. तिची सायकल एका गाडीला बांधतात आणि समोरून चेहरा घेतात. मला कायम मागून घेतात. सिनेमात माझी फक्त पाठ आहे. मी तुम्हाला 'काम मिळालं' एवढंच सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं. पण तुम्ही सगळे एवढे खूश झालात की पुढचं तोंडातून निघेना.

आणि हेसुद्धा सगळं नाही. पसरणीच्या घाटातला सीन राहिलाय. बाप गेल्यावर लक्ष्मी एकटी घाट उतरते, रडत, जोरात, ब्रेक न लावता. सिनेमाचा मुख्य सीन तोच आहे. मी ह्या कामाला हो म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं, तोवर होईल धीर. झाला नाही. काल सरावाला वर नेलं. पहिल्या वळणाला माझी बोटं ब्रेकवर आवळली ती सुटेनातच. अख्खा घाट मी ब्रेक धरून उतरले. मागून आपला पाण्याचा टँकर आला, तो हॉर्न देऊन मला ओलांडून पुढे गेला. यशोधनसर म्हणाले, "रुपाली, ती सायकलपटू आहे, मयताला चाललेली नाही." सगळे हसले. मीपण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढच्या आठवड्यात सीन आहे. मला नाही जमलं तर पुण्याहून दुसरी मुलगी आणणार. सर वाईट नाहीत, त्यांनी नीट सांगितलं. पण आजी, ती मुलगी आली तर मी परत कधी उताराला लागणार नाही, हे मला माहीत आहे. आणि ज्या सायकलपटूला उतार जमत नाही तिने शर्यतीचं नाव काढू नये.

धोंडूदादाला तू सांग. मला तोंड नाही.

रुपाली

⁂

लालबाग
३१ जानेवारी २०२४

चि. रुपाली,

सोमवारची वाट बघितली नाही. कुशाबाला फोन लावून बुधवारचाच बोलावला. तो म्हणाला, "आजी, डिझेल कोण घालणार?" मी म्हटलं, तू वरती ये, जेव, मग विचार. जेवल्यावर त्याने विचारलं नाही.

चाळीला सांगितलं. मी मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "आपल्या रुपालीचा चेहरा सिनेमात नाही. पाठ आहे." धोंडूचं तोंड असं झालं की जणू त्यालाच सिनेमातून काढला. मग म्हणतो, "पण आजी, पाठीचा बॅनर कसा लावणार?" मी म्हटलं, "चमच्याचा लावलास ना? मग पाठीचा लाव." कोणतरी हसलं, मग सगळेच हसले. तुझ्या बापाच्या मोबाइलमध्ये तुझा जुन्या शर्यतीतला मागून काढलेला फोटो होता तो त्याने दिला. आज नाक्यावर नवा बॅनर आहे. लालबागच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे पुढारी लोकांकडे तोंड करून हात जोडतायत आणि मधली व्यक्ती त्यांना पाठ दाखवून चाललीये. माणसं थांबून बघतात. पहिल्याकडे कोणी थांबलं नव्हतं.

आता घाटाचं. मी सायकलवर कधी बसले नाही, तेव्हा ब्रेक कसा सोडायचा हे मी सांगणार नाही. मला जे येतं ते केलं. काल गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवाच्या दिशेला तोंड करून नारळ ठेवला, बायका गोळा केल्या. तुला आठवत नसेल म्हणून जसंच्या तसं लिहायला लावते, सरोजिनीला इस्त्री करू देत नाही:

"बा देवा म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आमची रुपाली सायकलीवरसून घाट उतरता हा. तिच्या चाकाखाली खडो येवक देऊ नको."
"व्हय म्हाराजा!"
"तिच्या पोटातली भीती काढ आणि त्या टँकरवाल्याच्या पोटात घाल."
"व्हय म्हाराजा!"
"पोर सुखरूप खाली इली, तर ही मालन थेटरात बसान शिटी मारतली!"

इथे व्हय म्हणायचं सोडून तळमजल्यावरची म्हणते, "आज्ये, तोंडात दात नाय आणि शिटी कशी मारतलंस?" मी म्हटलं, तो देवाचा प्रश्न, तू व्हय म्हण. तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" सरोजिनीपण म्हणाली. जोरात म्हणाली.

(वातावरणच तसं होतं. – स.)

तेव्हापासून सराव करतेय. आतापर्यंत फुंकर येते. सकाळी फुंकरीने देवासमोरचं निरांजन विझलं. तुझा बाप म्हणतो, आई, सिनेमा अजून बनून तरी होऊ दे. मेल्याला विनोद सुचायला लागले.

त्याच्यावरून आठवलं. टेम्पोत मागे बघ. तुझी सायकल पाठवली आहे. कोणाकोणाच्या सायकली चालवत बसशील? खुंटीवरून काढली तेव्हा मला वाटलं गंजाने खाल्ली असेल. पण साखळी कशी लखलखीत. तू झोपलेली असायचीस तेव्हा तुझा बाप दर रविवारी तिला तेल घालायचा. मी एकदा विचारलं होतं कोणासाठी घालतोस, तर म्हणाला, "कोणासाठी नाही. गंजू नये म्हणून." हँडलच्या पांढऱ्या पट्टीवर माझ्या लुगड्याचा हिरवा रंग लागलाय, तो जात नाही. तेवढा सांभाळून घे.

उतरलीस तर उतरलीस. नाही उतरलीस तर कुशाबाच्या टेम्पोत सायकलीशेजारी बसून घरी ये. पाठ तुझी आहे, ती काही पुण्याची मुलगी घेऊन जात नाही.

माझी लुगडी मात्र आता कुठे वाळत घालू ते कळव.

तुझी आजी

⁂

वाई
५ फेब्रुवारी २०२४

आजी, आजी, आजी,

उतरले!

सांगते. सकाळी उन्हं वर आली आणि सगळे घाटमाथ्यावर. रस्ता अडवलेला. माझ्या हातात माझी सायकल. यशोधनसर म्हणाले ही फार नवी दिसते, मग तो हिरवा डाग बघून म्हणाले, नाही, ठीक आहे, चालेल, गरिबी दिसते. तुझ्या लुगड्याचा रंग आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या वेळी पुन्हा तेच. बोटं ब्रेकवर. अर्ध्यात थांबवलं. सरांनी ओरडायचं सोडून नुसतं घड्याळ बघितलं. त्याची मला जास्त भीती वाटली. पुन्हा वर आणलं. मनवा माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "तू कसला विचार करतेस उतरताना?" मी म्हटलं, खड्ड्याचा. ती म्हणाली, दुसरा कसला तरी कर ना. तेवढ्यात सर ओरडले, 'चला', आणि मी पायडल मारलं.

आणि मला तू दिसलीस. थेटरात, अंधारात, तोंडात दोन बोटं घालून, आणि तुझ्या फुंकरीने पुढच्या रांगेतल्या माणसाचा टोप उडालाय. मग मला टँकरवाला आठवला, ज्याच्या पोटात देव माझी भीती घालणार होता. मग सरोजिनीमावशी, चष्मा सावरून 'व्हय म्हाराजा' म्हणणारी. आजी, मला हसू फुटलं. असं फुटलं की आवरेना. खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. हसताना बोटं आवळता येत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. करून बघ. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, वारा कानात नुसता घुमत होता. खाली आले तेव्हा कळलं की ब्रेक मी फक्त थांबायला लावला.

मला वाटलं, गेलं. सीन रडायचा होता आणि मी हसत आले होते. मग सर धावत आले, त्यांचे स्वतःचे डोळे भरलेले. म्हणाले, "रुपाली, काय रडलीस! पाठीतून रडलीस!"

ते हसू होतं हे मी त्यांना सांगितलं नाही. मनवाने फक्त माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं.

महिनाअखेर घरी येते. लुगड्यांसाठी नवी दोरी आणते. सायकल आता खुंटीवर जाणार नाही.

रुपाली

⁂

वाई
१३ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

वर्षभर घरी होते तेव्हा पत्राची गरजच पडली नाही, तू समोर बसूनच बोलत होतीस. आणि गॅलरीत माझी सायकल आतबाहेर करताना जे बोलायचीस ते सरोजिनीमावशीने लिहिलंही नसतं.

रागावू नकोस. सिनेमा शुक्रवारी लागला, काल अख्खी चाळ बघायला गेली आणि मी तिथे नव्हते. पण घाटाची शर्यत कालचीच होती, आणि तूच म्हणालीस, "पडद्यावर एकदा उतरलीस ती कायमची उतरतच राहणार आहेस, जा, खरी उतर."

अकरावी आले.

सिनेमातली लक्ष्मी पहिली येते, मला माहीत आहे. मी चढाला मागे पडले, दोन वर्षांचा सराव बुडाला तो पायांना कळतो. पण उताराला मी चार जणींना मागे टाकलं. त्यातली एक पुण्याची होती. तीच का ते मी विचारलं नाही. पुढची शर्यत मार्चमध्ये आहे. नाव दिलंय. तोवर इथेच राहून चढाचा सराव करते.

फोनवर तू नुसतं 'बरा होता सिनेमा' म्हणालीस आणि ठेवलास. एवढं बोलायला पोपट चालला असता. मला सगळं नीट लिहून पाठव.

रुपाली

⁂

लालबाग
१६ जानेवारी २०२५

चि. रुपाली,

फोनवर सगळं सांगितलं असतं तर हे पत्र ऐकायला जिन्यात कोण बसलं असतं? आत्ता सरोजिनी लिहितेय आणि अर्धी चाळ दारात उभी आहे, मी काही चुकते का बघायला.

तर ऐक. आम्ही गेलो. धोंडूने ढोल आणला होता, थेटरवाल्याने तो बाहेर ठेवून घेतला. मी मधल्या रांगेत, एका बाजूला तुझा बाप, दुसऱ्या बाजूला सरोजिनी. आमच्या मागे एक मुलगी तोंडाला रुमाल बांधून, डोक्यावर टोपी घालून बसलेली. मला वाटलं सर्दी झाली असेल बिचारीला.

चाळीला आधीच बजावलं होतं. चेहरा दिसला की गप्प बसायचं, पाठ दिसली की आवाज. सिनेमा सुरू झाला. हिरोईन समोरून आली, डोळे भरून काहीतरी छान बोलली, बाकीचं थेटर टाळ्या वाजवतंय, आणि आपली चाळ अशी बसलेली जणू रेशनच्या रांगेत. मग ती सायकलवर बसून वळली. पाठ! आपल्या माणसांनी जे उठवलं, ते बाकीचे लोक घाबरून मागे बघायला लागले. मुलगी पुढून आली की शांत, पाठ फिरवली की शिट्ट्या. एक गृहस्थ धोंडूला म्हणाले, "अहो, चांगल्या घरची मुलगी आहे सिनेमात, असं काय करता?" धोंडू म्हणाला, "काका, आमच्याच घरची हाय."

मग घाट आला. बाप गेलेला, पोर एकटी. वाजंत्री रडायला लागली. पडद्यावर तुझी पाठ, खांदे गदागदा हलतायत. सगळं थेटर रुमाल काढून बसलं. पुढची बाई हुंदके देतेय. आणि आपल्या रांगा? तुझं पत्र सगळ्यांनी ऐकलेलं. कोणाला तरी माझी फुंकर आठवली, एकजण फिस्स करून हसला, मग दुसरी, मग काय! पोरीचा बाप मेलाय आणि चाळ पोट धरून हसतेय. लोक म्हणतात, शरम नाही का! तुझा बाप मात्र हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता, आणि मोठ्याने म्हणाला, "ब्रेक नाही लावला तिने. बघ आई, बोटं बघ. एकदापण नाही लावला." गॅलरीत गुपचूप तेल घालणारा माणूस थेटरात एवढं बोलला. मी त्याचा हात धरला.

तेव्हा मी शिट्टी मारली. देवाला दिलेला शब्द. दोन बोटं घातली, जीव खाऊन फुंकले. शिट्टी आली नाही, पण जे काही आलं ते सरोजिनीच्या चष्म्यावर आलं.

(खरं आहे. – स.)

देवाने चालवून घेतलं असं मी धरते.

दिवे लागले आणि मागच्या मुलीने रुमाल सोडला. मनवा! ती लोक काय म्हणतात ते ऐकायला लपून आली होती. डोळे लाल. मला म्हणाली, "आजी, मी एवढं रडले त्या सीनमध्ये, गाडीला बांधलेल्या सायकलवर बसून दिवसभर रडले, आणि तुम्ही हसलात?" मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "बाय माझे, चेहरा तुझा रडला, पाठ आमची हसली. दोन्ही खरं होतं, म्हणून तर लोक रडले." मग तीच हसायला लागली. म्हणाली, "मला माहीत होतं ती हसत होती. मी सरांना अजून सांगितलं नाहीये." मी म्हटलं, सांगूही नकोस. शहाणा माणूस आहे, त्याला त्याचं समाधान राहू दे.

तिला घरी आणली. माशाचं तिखलं आणि भात वाढला. ती म्हणाली, मी फक्त सॅलड खाते. मग दोनदा भात घेतला. त्या पोरीलासुद्धा सिनेमात कोणी जेवलीस का विचारलं नव्हतं ना!

आता तुझं. चाळीत कोणी विचारलं कितवी आली, तर मी अकरावी म्हणूनच सांगते, लपवत नाही. पुढारी लपवतात. धोंडू म्हणाला, "अकराव्या नंबरचा बॅनर लावू का?" मी म्हटलं, लाव, चढाला मागे राहिली पण उताराला घाबरली नाही असं लिही. सरोजिनी म्हणते हे फार लांब होतं, बॅनरवर मावणार नाही. मग मोठा बॅनर आण म्हणावं. सिनेमातली पोर एकदा जिंकली आणि सिनेमा संपला. तुझं तसं नाही, तुझा मार्च यायचाय. दहावी आलीस तरी मला कळव, बारावी आलीस तरी कळव. नुसतं बरी आहे म्हणून कळवू नकोस.

आणि एक. तिकडे आता गुऱ्हाळं चालू असतील. काकवी पाठव. ताजी, त्याच दिवशी काढलेली, जळका वास आलेली नको. गुळाची ढेप पाठवू नकोस, ती फोडायला मला दात नाहीत. काचेची बाटली नको, प्लास्टिकची घे, आणि कुशाबा अजून सोमवारी दादरला येतो, टेम्पोत ती उभी ठेव म्हणून त्याला दोनदा सांग, एकदा सांगून त्याला कळत नाही. पुढच्या रविवारी आंबोळ्या घालणार आहे आणि मनवा येतेय, तेव्हा एक नको, दोन बाटल्या पाठव.

तुझी आजी